समजा

आमचे आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. संध्याकाळी ओसरीवर पाटी घेऊन मला बसवायचे आणि शाब्दिक उदाहरणं घालायचे. "समजा, एका टाकीला दोन नळ आहेत." मी तिसरी-चौथीत असेन. मला तो पहिला शब्द हुकूम वाटायचा. समजा! म्हणजे समजून घ्या, नाहीतर याद राखा. मग मी घाबरून समजून घ्यायला लागायची. टाकी कोणाची? एक नळ टाकी भरतोय आणि दुसरा रिकामी करतोय, तर दुसरा कोणी बंद का करत नाही? आप्पा हसायचे. "अगं, समजा म्हणजे धरून चाल. टाकी नाहीचे मुळी."

टाकी नाहीच, तर मग समजायचं काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. पुढे तो मला अणुकेंद्रापर्यंत घेऊन गेला.

एम.एस्सी.ला अणुकेंद्रीय भौतिकी होती. पहिल्या महिन्यात सर म्हणाले, समजा अणुकेंद्र हा द्रवाचा एक थेंब आहे. त्यात प्रोटॉन-न्यूट्रॉन एकमेकांना चिकटून, सतत आपटत, दाटीवाटीने नांदताहेत. आम्ही वहीत उतरवलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तेच सर म्हणाले, समजा प्रत्येक प्रोटॉन आणि प्रत्येक न्यूट्रॉन एकटाच आपल्या कक्षेत फिरतोय, आणि बाकीच्यांशी त्याची टक्कर होतच नाही. आम्ही तेही उतरवलं. दोन्ही एकाच अणुकेंद्राबद्दल, एकाच वहीत, चाळीसेक पानांच्या अंतरावर. वर्गात कोणी काही विचारलं नाही. मीही नाही. परीक्षेत दोन्हींवर प्रश्न यायचे आणि दोन्हींना मार्क मिळायचे.

पण मनात खुटखुट राहिली. थेंब आहे तर टकरा आहेत, आणि टकरा आहेत तर कक्षा कसल्या?

मुळात असं काही 'समजावं' का लागतं, ते आधी सांगते. सूर्यमालेत मधोमध सूर्य असतो आणि सगळे ग्रह त्याच्या धाकात फिरतात. अणूत मधोमध अणुकेंद्र असतं आणि इलेक्ट्रॉन त्याच्या धाकात असतात. खुद्द अणुकेंद्राच्या मधोमध मात्र कोणीच नाही. ते बिनकर्त्याचं एकत्र कुटुंब आहे. शिशाच्या सगळ्यात जड स्थिर समस्थानिकात (समस्थानिक म्हणजे प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी-जास्त असलेली भावंडं) ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, मिळून २०८ जण, प्रत्येकजण दुसऱ्याला ओढतोय. ती ओढही साधी नाही. ती क्वार्कांमधल्या, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्याही आतल्या कणांमधल्या, मूळ बलाची उरलीसुरली चव आहे. थोड्या अंतरावर ओढते, फार जवळ गेलात तर ढकलते, कोण कोणत्या दिशेला गिरक्या घेतोय त्यावर बदलते. त्यात आणखी एक गंमत आहे. दोन कण आपसांत जसे वागतात, तसे ते तिसऱ्यासमोर वागत नाहीत. माणसांचंही असंच असतं, पण माणसांचं गणित कोणी मांडायला जात नाही. पसारा किती, तर शिशाच्या अणुकेंद्राची त्रिज्या सुमारे सात फेम्टोमीटर, म्हणजे मीटरचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातले सात. या मालाने चहाचा एक चमचा भरला तर त्याचं वजन शंभर कोटी टनांच्या वर जाईल.

या गर्दीचा अचूक हिशोब कोणालाच मांडता येत नव्हता. म्हणून 'समजा'.

थेंबाची कल्पना पहिल्यांदा जॉर्ज गॅमोने मांडली, आणि १९३५ मध्ये वायत्सेकरने तिचं सूत्र केलं. मला ते सूत्र आजही फार आवडतं, कारण ते वाण्याच्या वहीसारखं आहे. जमाखर्च आहे तो बंधनऊर्जेचा, म्हणजे अणुकेंद्राचे सगळे कण सुटे करायला जितकी ऊर्जा लागेल तिचा. प्रत्येक कण फक्त आपल्या शेजाऱ्यांना धरतो, म्हणून जितके कण तितकी जमा. पृष्ठभागावरच्यांना एका बाजूला शेजारीच नसतात, ते वजा. प्रोटॉन एकमेकांना विजेमुळे ढकलतात, ते वजा. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सारखे नसले तर या विषमतेचा दंड, तोही वजा. जोड्या जुळल्या असतील तर थोडी बक्षिसी. हॉस्टेलच्या गॅलरीत बसून मी पहिल्यांदा शिशाचा हिशोब केला होता. जमा ३२८६, पृष्ठभागाचे ६४२ गेले, विजेचे ८०० गेले, विषमतेचे २१६ गेले, जोडीचा एक आला. शिल्लक १६२९ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगात ऊर्जा या मापाने मोजतात). मग मागच्या कोष्टकात प्रयोगाने मोजलेली बंधनऊर्जा पाहिली तर १६३६. माझ्या हातात कॅल्क्युलेटर तसाच राहिला. पाच ओळींच्या जमाखर्चात आख्खं शिसं बसलं होतं, आणि चूक अर्धा टक्कासुद्धा नव्हती. लोखंडाचं केलं तर आलं ४९१, खरं ४९२.

नसलेल्या टाकीने खरं पाणी भरलं, असं वाटलं मला त्या रात्री.

हाच थेंब एकदा फार मोठ्या कामी आला. १९३८ चा नाताळ. भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून स्वीडनला आलेली, वय साठ. कुंगेल्व नावाच्या गावी तिचा भाचा ऑटो फ्रिश तिला भेटायला आला. बर्लिनहून ओटो हानचं पत्र आलेलं होतं. युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले तर बेरियम सापडतंय, हे कसं शक्य आहे? दोघं बर्फात फिरायला निघाली. तो स्कीवर, ती पायी. वाटेत एका ओंडक्यावर बसून कागदाच्या चिटोऱ्यांवर हिशोब झाला. युरेनियमच्या थेंबात ९२ प्रोटॉन एकमेकांना इतके ढकलतात की पृष्ठभागाचा ताण जेमतेम त्यांना धरून ठेवतो. जराशी ठेच लागली की थेंब लांबतो, मध्ये कंबर पडते आणि दोन तुकडे होतात. सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते. दोन तुकड्यांचं वजन मूळच्यापेक्षा किती कमी भरतं, ते काढायचं सूत्र माइटनरला पाठ होतं, आणि कमी भरलेलं वजनच ऊर्जा होऊन सुटतं. तिकडूनही २०० च आले. पुढच्या वर्षी नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी याच थेंबावरून विखंडनाचा सगळा सिद्धांत उभा केला. त्यानंतरच्या सहा वर्षांत या थेंबाचं काय झालं, ते सगळ्या जगाला माहीत आहे. मला त्यातला ओंडकाच जास्त आठवतो. घर, पगार, प्रयोगशाळा गेलेली बाई आणि तिच्या हातातला चिटोरा.

आता त्या अर्ध्या टक्क्याकडे येते. तो अर्धा टक्का म्हणजे नुसती बारीकसारीक चूक असती तर प्रत्येक अणुकेंद्राला थोडी इकडे, थोडी तिकडे अशी पडली असती. तसं होत नाही. काही ठरावीक आकड्यांपाशी अणुकेंद्र थेंबाच्या अपेक्षेपेक्षा घट्ट निघतं. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. प्रोटॉन इतके असोत की न्यूट्रॉन इतके असोत. आपल्या भांड्यांना कल्हई करतात ते कथिल घ्या. त्यात ५० प्रोटॉन असतात, आणि त्याचे स्थिर समस्थानिक दहा आहेत. इतके दुसऱ्या कुठल्याच मूलद्रव्याला नाहीत. शेजारच्या ५१ नंबरच्या अँटिमनीला फक्त दोन. एका प्रोटॉनने असं काय बिघडलं? थेंबाकडे याला उत्तर नाही. थेंबाला कसलेही आकडे पाठ नसतात.

यूजीन विग्नरने या आकड्यांना जादूचे आकडे म्हटलं, आणि त्यात थोडी टिंगल होती. कवचांची कल्पना (कण थराथरांच्या कक्षांत बसतात, आणि थर भरला की अणुकेंद्र घट्ट होतं) १९३० च्या दशकात काहींनी मांडून पाहिली होती, पण बोरचा थेंब इतका यशस्वी झाला की दहा-बारा वर्षं तिला कोणी उभं केलं नाही. एखादं मॉडेल चांगलं चाललं की दुसऱ्याचं ऐकू येईनासं होतं, हा माझा स्वतःचाही अनुभव आहे. त्याच्याबद्दल पुढे.

मारिया गोपर्ट-मायर या आकड्यांकडे आडवाटेने आली. जन्म १९०६ चा, काटोविट्सचा. घराण्यात प्राध्यापकी पिढीजात. गॉटिंगेनमध्ये माक्स बोर्नच्या हाताखाली १९३० मध्ये डॉक्टरेट केली, एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाशी लग्न केलं, अमेरिकेला गेली, आणि पुढची बरीचशी तीस वर्षं विनापगार काम केलं. नवऱ्याला नोकरी असलेल्या विद्यापीठात बायकोला नेमायचं नाही असा नियम होता. शिकागोतही प्राध्यापकपद मिळालं ते बिनपगारी. अर्धवेळ पगार मिळायचा तो शेजारच्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेचा. विश्वात कुठलं मूलद्रव्य किती आहे आणि ते तसं का, यावर ती एडवर्ड टेलरबरोबर काम करत होती. याद्या चाळताना तिच्या लक्षात आलं की काही आकडे पुन्हा पुन्हा वर येताहेत. १९४८ मध्ये तिने सगळा पुरावा एकत्र मांडला. पण कारण सापडेना. कक्षा मांडल्या तर साध्या गणिताने २, ८, २० येतात, आणि पुढे ४०, ७०, ११२. जे हवेत ते येत नाहीत.

मग ती फर्मीची गोष्ट. शिकागोतला तिचा सहकारी एन्रिको फर्मी तिच्या खोलीत बसून यावरच बोलत होता. त्याला फोन आला, तो उठला आणि दारातून जाता जाता त्याने विचारलं, इथे स्पिन (कणाची स्वतःची गिरकी) आणि कक्षा यांचा काही सांधा दिसतो का? तिला त्या क्षणी सगळं दिसलं. १९४९ च्या तिच्या लेखाच्या शेवटी फर्मीचे आभार आहेत, आणि ते त्या एका प्रश्नासाठीच आहेत. हा लेख त्या प्रश्नातून जन्मला, असं तिने लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षी जर्मनीत हान्स येन्सेन, ऑटो हाक्सेल आणि हान्स झ्यूस यांनाही स्वतंत्रपणे हेच सुचलं.

काय सुचलं, ते तिने वॉल्ट्झच्या उपमेने सांगितलं होतं. मोठ्या दिवाणखान्यात जोडपी गोल गोल नाचत फेरी मारताहेत आणि फेरी मारता मारता स्वतःभोवतीही फिरताहेत. मी वॉल्ट्झ कधी नाचले नाही, पण मंगळागौरी जागवल्या आहेत. समजा, अंगणात दहा-बारा फुगड्या एकाच वेळी चालल्यात, आणि प्रत्येक जोडी गरगरतानाच अंगणालाही वळसा घालतेय. काही जोड्यांची गिरकी वळशाच्याच दिशेची, काहींची उलटी. ज्यांनी घातली आहे त्यांना माहीत असेल, एका दिशेला पाय आपोआप पडतात आणि दुसऱ्या दिशेला दम लागतो. अणुकेंद्रात हा फरक भलताच मोठा असतो. गिरकी आणि वळसा एका दिशेला असलेल्या कणांची ऊर्जा इतकी खाली येते की वरच्या मजल्यावरची मंडळी थेट खालच्या मजल्यावर उतरून राहतात.

आता ते चुकीचे आकडे पुन्हा घ्या. २० मध्ये वरून उतरलेले ८ मिळवा, २८. ४० मध्ये १०, ५०. ७० मध्ये १२, ८२. ११२ मध्ये १४, १२६.

हे मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा दरवर्षी कोणीतरी एकजण मागच्या बाकावरून "आयला" म्हणतो. मी ऐकलं नाही असं दाखवते. त्या एका शब्दासाठीच मी हा धडा घाईने उरकत नाही.

१९६३ चं नोबेल मारियाला आणि येन्सेनला मिळून अर्धं, आणि विग्नरला अर्धं मिळालं. तेच विग्नर, टिंगलवाले. भौतिकीत मेरी क्यूरीनंतर हा मान मिळालेली ती दुसरी बाई. तिसरी यायला २०१८ उजाडलं. नोबेल मिळालं तोपर्यंत ती सॅन डिएगोला गेली होती, आणि पूर्ण पगाराची प्राध्यापकी तिला तिथेच, चौपन्नाव्या वर्षाच्या आसपास पहिल्यांदा मिळाली. तिथल्या वर्तमानपत्राने बातमी दिली ती शहरातल्या एका आईला नोबेल मिळालं, अशी. आमच्या घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा आई म्हणाली, "मग? आई नव्हती का ती?" माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

खुटखुट मात्र अजून शिल्लक होती. इतक्या दाटीत कण आपापल्या कक्षेत बिनटकरीचे कसे फिरतात? उत्तर पाउलीच्या नियमात आहे. एकाच जातीचे दोन कण एकाच जागी, म्हणजे एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. एका लग्नात वाढपी म्हणून उभी असताना मला हे खरं उमगलं. पंगत भरलेली आहे. पान मांडलेल्या प्रत्येक जागी माणूस बसलेला. मधल्या एखाद्याला तुम्ही कितीही ढोसलंत, तरी तो उठून बसणार कुठे? डावीकडे जागा नाही, उजवीकडे नाही. म्हणून ढोसलेलं वायाच जातं. अगदी पंगतीच्या टोकाशी, जिथे पुढे रिकामी पानं आहेत, तिथेच काय ती हालचाल. टक्कर व्हायची तर टकरीनंतर जायला मोकळी जागा लागते. ती नसली की दाटीतसुद्धा माणूस एकटाच असल्यासारखा राहतो. (मुंबईच्या लोकलमध्ये रोज जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

पंगतीवरून मला नेहमी सुधीर पंड्या आठवतात. पुढे ते अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. १९५६ मधलं त्यांचं काम आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं, आणि हे मला आजही खटकतं. क्लोरिन-३८ आणि पोटॅशियम-४० ही दोन अणुकेंद्रं घ्या. दोन्हींत २१ न्यूट्रॉन, म्हणजे विसांचं कवच भरून वर एक. प्रोटॉनांची शेवटची पंगत चार पानांची. क्लोरिनमध्ये तिथे एकच जण जेवायला बसलाय. पोटॅशियममध्ये तिघं बसलेत आणि एक पान रिकामं आहे. पंड्यांनी दाखवलं की ते रिकामं पान हाच एक पाहुणा धरता येतो. क्लोरिनमध्ये तो एक प्रोटॉन आणि जादाचा न्यूट्रॉन यांचं कसं जमतं ते माहीत असेल, तर त्यावरून पोटॅशियममध्ये रिकामी जागा आणि न्यूट्रॉन यांचं कसं जमेल ते काढता येतं. दोन्हींच्या ऊर्जापातळ्या पाहिल्या तर काही नातं असेल असं वाटतच नाही. क्लोरिनमध्ये खालून वर भ्रमणांक (आख्ख्या अणुकेंद्राची गिरकी मोजणारे आकडे) २, ५, ३, ४ असे येतात. पोटॅशियममध्ये ४, ३, २, ५. पंड्यांच्या सूत्रातून एक घातलं की दुसरं बाहेर येतं, जवळजवळ जसंच्या तसं.

क्लोरिन-३८ सदतीस मिनिटांत निम्मं होतं. पोटॅशियम-४० ला निम्मं व्हायला सव्वाशे कोटी वर्षं लागतात. तुमच्या-माझ्या अंगात, केळ्यात, बटाट्यात ते थोडं थोडं आहे. बसलेला माणूस आणि रिकामं पान यांचं हे नातं उपासाच्या दिवशी केळं सोलताना मला हटकून आठवतं, आणि घरच्यांना मी ते आता सांगत नाही.

पुढचं थोडं भराभर सांगते, कारण तिथे माझं मन तितकं रमत नाही. जादूच्या आकड्यांपासून दूर गेलं की अणुकेंद्र गोल राहत नाही, नारळासारखं लांबट होतं आणि आख्खंच्या आख्खं फिरतं. जेम्स रेनवॉटर, ऑगे बोर (नील्स बोरचा मुलगा) आणि बेन मॉटेलसन यांनी १९५० च्या सुमारास हे जुळवून दिलं आणि १९७५ चं नोबेल घेतलं. एर्बियम-१६६ च्या पातळ्या ८०, २६५, ५४५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट अशा चढतात. फिरणाऱ्या नारळाचं गणितही जवळपास त्याच प्रमाणात चढतं. १९५५ मध्ये निल्सनने लांबट भांड्यातल्या कक्षा मांडल्या. १९६७ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ स्ट्रुटिन्स्कीने थेंब आणि कवच यांचं भांडण मिटवायचा व्यवहारी तोडगा काढला. ढोबळ हिशोब थेंबाचा घ्या, आणि वर-खाली जी वळवळ उरते ती कवचांकडून घ्या. माझा हॉस्टेलच्या गॅलरीतला अर्धा टक्का असा जाग्यावर बसला. माझ्या वहीतली चाळीस पानंही.

एम.एस्सी.नंतर दोन वर्षं मी एका प्रकल्पात कवच-मॉडेलची गणितं संगणकावर चालवली. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात फाइली बनवायच्या, रांगेत लावायच्या आणि वाट बघायची. बाहेरच्या मोजक्या कणांनाच हलू द्यायचं, बाकीचे गोठलेले धरायचे. तरीही शक्यतांचा आकडा फुगतो. निकेल-५६ मध्ये वरच्या सोळा कणांना चार कक्षांत मोकळं सोडलं तर मांडण्या शंभर कोटींच्या वर जातात. आमच्या यंत्राची ती ताकद नव्हती. आम्ही कापायचो. किती कापायचं आणि कुठे, यातच खरी कारागिरी, आणि खरी फसवणूकही.

एकदा माझ्या एका फाइलीत प्रोटॉन आणि न्यूट्रॉनांच्या कक्षांचा क्रम उलटा पडला. दोन महिने पडून होता. वाईट याचं वाटतं की उत्तरं वेडीवाकडी आली नाहीत. चांगली आली. आलेख प्रयोगाशी बऱ्यापैकी जुळले, मी त्यावर दहा मिनिटांचं भाषणसुद्धा ठोकलं. चूक सापडली ती आमच्याकडच्या एका ज्येष्ठ बाईंमुळे. त्या म्हणाल्या, "हे इतकं कसं जुळलं? तू काय धरलं होतंस, ते आधी दाखव." उत्तर कोणी मागितलंच नव्हतं. काय धरलं होतं, ते मागितलं होतं. मला घाम फुटला, आणि आप्पांची टाकी आठवली.

त्याच दिवसांत मी पवईच्या आयआयटीतल्या वाय. के. गंभीर यांचं काम वाचलं. त्यांनी पीटर रिंग आणि थिमेट यांच्याबरोबर १९९० मध्ये सापेक्षतावादी सरासरी-क्षेत्राचा (म्हणजे प्रत्येक कण बाकी सगळ्यांच्या सरासरी प्रभावात फिरतो असं धरून, सापेक्षतेचे नियम पाळून केलेल्या मांडणीचा) जो मोठा लेख लिहिला, तो या विषयात जगभर वापरला गेला. मायरबाईंना तो फुगडीचा सांधा हाताने घालावा लागला होता. तो तसा आहे असं समजा, मग आकडे जुळतात. या मांडणीत तो घालावा लागत नाही. कणाला खाली ओढणारं एक क्षेत्र सुमारे ४०० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचं, वर ढकलणारं दुसरं सुमारे ३५० चं. दोघांची वजाबाकी होऊन जेमतेम ५० ची खोली उरते, म्हणून आपल्याला अणुकेंद्र तसं शांत दिसतं. पण गिरकीच्या वाट्याला मात्र दोघांची बेरीज येते. घरात दोन तापट माणसं एकमेकांना तोलून धरतात आणि बाहेरच्यांना वाटतं काय शांत घर आहे. आतल्या सुनेला विचारा.

आता मंडळी कणाकणांच्या बलापासून सुरुवात करून थेट वर चढतात. वीस वर्षांपूर्वी ही चढाई हलक्या अणुकेंद्रांपाशी दमायची. २०२२ मध्ये शिसे-२०८ पर्यंत पोचली, आणि त्याच्या अंगावर न्यूट्रॉनांची साय किती जाड आहे ते काढलं गेलं, ०.१४ ते ०.२० फेम्टोमीटर. बातमी वाचली तेव्हा मला अभिमान वाटला. का, कोण जाणे. माझा त्यात काडीचाही वाटा नाही. पण तिथेही सुरुवातीला बलाची आखणी धरावीच लागते, तीत तिघांमधलं बल किती घ्यायचं तेही धरावं लागतं, आणि त्यातले आकडे प्रयोगावरूनच उचलावे लागतात. 'समजा' फक्त एक मजला खाली सरकला.

आणि प्रयोगवाले स्वस्थ बसू देत नाहीत. १९८५ मध्ये इसाओ तानिहाताच्या चमूने बर्कलेत लिथियम-११ मोजलं. फक्त अकरा कण, पण शेवटचे दोन न्यूट्रॉन इतके दूर भटकतात की पसारा २०८ जणांच्या शिशाएवढा. कुठला थेंब आणि कुठलं काय! २०२३ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत ऑक्सिजन-२८ दिसलं. त्यात प्रोटॉन ८, न्यूट्रॉन २०. दोन्ही जादूचे. मायरबाईंच्या हिशोबाने ते खणखणीत असायला हवं. ते जन्मताच चार न्यूट्रॉन टाकून मोडलं. तिकडच्या टोकाला, जिथे न्यूट्रॉनांची भाऊगर्दी होते, तिथे २० ची जादूच उरत नाही.

ही बातमी मी टी.वाय.च्या वर्गात सांगितली. आमच्याकडे पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी आणि बोलणं मराठी. फळ्यावर आदल्या तासाचे सात आकडे तसेच होते. मी २० भोवती खडूने गोल केला आणि म्हटलं, हा सगळीकडे चालत नाही. वर्ग जरा नाराज झाला. आदल्याच तासाला "आयला" म्हणणारा मुलगा तर जास्तच. मग पहिल्या बाकावरच्या, सगळं चार रंगांच्या पेनांनी उतरवून घेणाऱ्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, मग उत्तराच्या सुरुवातीला 'सपोज' लिहायचंच का? नाही लिहिलं तर मार्क जातो?"

"अर्धा," मी म्हटलं.

तिने ते लाल पेनाने लिहून घेतलं.